डिचोलीची पात्राव

आमच्या स्टुडिओत कोणी पोस्टर करून घ्यायला आला की 'बसा' म्हणायच्या आधी पात्राव त्याला विचारायची, "ह्यातलं काढायचं काय?" त्या बिचाऱ्याने देवाची मूर्ती, कलाकारांचे फोटो, शुभेच्छुकांची नावं आणि झालंच तर स्वतःचा हात जोडलेला फोटो, असं सगळं पेनड्राइव्हवर भरून आणलेलं असायचं. बाईंना नीट ऐकू आलं नसावं, असं समजून तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा.

आमच्याकडे पात्राव म्हणजे मालक, आणि तोही पुरुष. पण डिचोलीच्या बाजारात पोदेराच्या दुकानावरच्या माडीत स्टुडिओ चालवणाऱ्या ह्या साठीच्या बाईला 'मॅडम' म्हणायची कोणाची छाती झाली नाही. खाली पाव भाजले जायचे, वर मी. मी जवळच्या सर्वण गावची. कला महाविद्यालयातून बाहेर पडले ती थेट तिच्या तावडीत सापडले. माझं पहिलं काम तिने जनेलाशी नेऊन उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "बरं आहे गो. लग्नपत्रिकावाले तुला लगेच कामाला घेतील."

नाटक मंडळं, गाण्याच्या बैठका, चित्रांची प्रदर्शनं एवढीच कामं ती घ्यायची. एकदा पणजीहून एका कलामहोत्सवाचे लोक आले. इतकं मोठं काम आमच्या माडीवर कधी चढलं नव्हतं. त्यांना पोस्टरवर माड हवा होता, समुद्र हवा होता आणि मागे मावळणारा सूर्य. पात्रावने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही नाटकं दाखवणार की खोल्या भाड्याने देणार?" ते हसले. ती हसत नाही हे लक्षात आल्यावर उठले. मी तोंड पाडून बसले, तर ही चहात खालच्या दुकानातला उंडो पाव बुडवत म्हणाली, "एका माडाने वाचवलं आपल्याला."

पण तिची खरी ओळख मला पटली ती केरीच्या आबांच्या कामात. आबा दशावतारातले जुने नट. जन्मभर त्यांनी राण्याच केल्या. म्हातारपणी त्यांच्यावर एक प्रदर्शन करायचं ठरलं. पुढाकार त्यांच्या मुलाचा. तो गावच्या उत्सव समितीचा अध्यक्ष, त्यामुळे देवळाचा हॉलही त्याच्याच हातात.

आम्ही फोटो काढायला केरीला गेलो. पात्रावने आबांना सरळ सांगितलं, "आबा, एकदा राणी होऊन दाखवा."

"आता? ह्या वयात?" आबा म्हणाले, आणि लागलीच आत हाक मारली, "सूनबाय, तुज्या सासूची नववारी काड गे पेटयेतली!"

नेसून, नथ घालून ते बाहेर आले, घरापुढच्या खळ्यात कदेलीवर, म्हणजे त्यांच्या खुर्चीवर, बसले, आणि सवयीने त्यांनी बिडी पेटवली. पात्रावने तोच फोटो टिपला. पोस्टरवर दुसरं काही ठेवलं नाही. राणी, बिडी आणि खाली आबांचं नाव.

ते पाहून मुलगा डिचोलीला धावत आला. "बिडी काढा. कॉम्प्युटरवर काढता येते, मला ठाऊक आहे. आणि साडीपण थोडी कापा."

मला वाटलं, काढण्याचं काम म्हटल्यावर ही खूश होईल. ती म्हणाली, "बिडी काढली तर साडी नेसलेला म्हातारा उरतो. बिडी आहे म्हणून ती राणी आहे, आणि रजेवर आहे."

"तुमका काय जाता?" मुलाचा आवाज चढला. "शाळेत पोरां माका राणयेचो पूत म्हणत. आता परत सगळ्या गावाक दाखवू?"

पात्रावने पोस्टर गुंडाळून काखेत घेतलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "चला, आबांनाच विचारू. चेहरा त्यांचा आहे."

केरीला आबांनी पोस्टर लांब धरून पाहिलं. "बिडी रवांदे," ते म्हणाले. "नथ वाकडी दिसता, ती तेवढी सारकी कर." मुलगा तडक निघून गेला. संध्याकाळी निरोप आला, हॉल मिळणार नाही. आबा म्हणाले, "माज्या खळ्यात लावा. खळां अजून माजां आसा."

म्हणून माडापोफळींना दोऱ्या बांधून आम्ही प्रदर्शन मांडलं. गाव लोटला. मुलगा फाटकाबाहेर स्कूटरला टेकून उभा होता, जणू टायरमधली हवा तपासतोय. किनाऱ्यावरून फिरत आलेलं कोल्हापूरकडचं एक कुटुंब आत जाता जाता थबकलं. त्यातल्या बाईंनी पोस्टरकडे बोट दाखवून त्यालाच विचारलं, "ह्या बाई कोण हो?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "बाई नाहीत," तो म्हणाला. "माझे वडील." मग घसा साफ करून, "राणीची कामं करायचे." आणि त्यांना घेऊन तो स्वतःच आत आला. कुठल्या फोटोत कुठलं नाटक, कुठल्या गावची जत्रा, शालू कोणाकडून उसना आणलेला, सगळं तो सांगत होता. कदेलीवर बसलेले आबा ऐकत होते आणि एकदाही त्याची चूक काढत नव्हते. पात्रावने मला कोपर मारलं. "बघ गो, ह्याला सगळं पाठ आहे." आणि ती फाटकाबाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिली. धुळीने, म्हणे.

पुढच्या वर्षी तिची फोंड्याची बहीण पडली आणि अंथरुणाला खिळली. तिला दुसरं कोणी नव्हतं. पात्रावने स्टुडिओ माझ्या गळ्यात घातला आणि एक बॅग भरली. मी डिचोलीच्या बसस्टँडवर सोडायला गेले. पोहोचल्यावर फोन करा, औषधं घ्या, बहिणीशी भांडू नका, असं काहीबाही सांगता सांगता मला रडू फुटलं. ती बसच्या खिडकीतून घाईघाईने वाकली.

"रडू नको गो! लोकांना वाटेल, मी तुला चांगलं वागवलं."

तसं तिने मला कधीच वागवलं नव्हतं. तरी बस दिसेनाशी झाल्यावरही मी तिथेच उभी राहून, चारचौघांत, मोठमोठ्याने रडत होते.