सरकारी जातं

सातपूरची आमची कंपनी बंद पडली आणि त्यानंतर काही वर्षं मी मावळा होतो.

गंगापूरच्या पुढे सरकारी अनुदानावर एक 'जुनं गाव' उभं केलं होतं. मातीची घरं, लोहाराचा भाता, तेलाचा घाणा, आणि त्यात वावरणारी माणसंही जुन्या काळातली. मी वेशीवर भाला धरून उभा राहायचो. बायको आत नऊवारी नेसून जात्यावर बसायची. दोघांनाही पगार होता. माझ्या अंबडच्या मेव्हण्याला हे सहन होत नसे. "रस्त्यांना खड्डे, आणि तुझ्या मिशांना अनुदान," असं तो जेवताना म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं; मिशा खरंच सरकारी होत्या. संध्याकाळी काढून जमा कराव्या लागायच्या.

बघायला फारसं कुणी येत नसे. मग लोडशेडिंग वाढलं आणि शेजारच्या खेड्यातली पिठाची गिरणी दिवसभर बंद राहू लागली. एक दिवस एक म्हातारी बाजरीचा डबा डोक्यावर घेऊन वेशीवर आली.

"मावळेदादा, आत जातं हाय ना? दळून घेऊ का?"

असं कुणी विचारेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मी भाला बाजूला घेतला. आठवडाभरात जात्यांपाशी बायकांची रांग लागू लागली.

नेमकी त्याच सुमारास मुंबईहून समिती आली. असल्या गावावर लोकांचा पैसा घालावा की नाही, हे तिला ठरवायचं होतं. आमच्या व्यवस्थापकांना घाम फुटला. बायकांना बाहेर काढायला सवडच मिळाली नाही. समितीचे मोठे साहेब जात्यांपाशी गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

"वा," ते म्हणाले. "किती सहज करतात या. फक्त साड्या नायलॉनच्या नकोत. आणि डबे स्टीलचे कसे?"

म्हातारीने मान वर केली. "साहेब, लाइट कधी येनार?"

साहेब तिच्यापाशी वाकले आणि समजुतीने म्हणाले, "आजी, लाइट म्हणू नका. त्या काळी लाइट नव्हती."

"आताबी नाय, साहेब."

साहेबांनी मागे वळून व्यवस्थापकांना विचारलं, "हे संवाद कोण लिहितं?" व्यवस्थापक लाजले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग साहेबांची नजर माझ्या बायकोकडे गेली. दळणाऱ्या सगळ्यांत पगारी अशी ती एकटीच होती. "या बाईंचा अभिनय मात्र ओढूनताणून वाटतो," ते म्हणाले. "यांना त्या आजींकडे शिकायला बसवा."

घरी जाताना लूनावर बायको पदरावरचं पीठ झटकत राहिली. घराच्या दारात म्हणाली, "मी खरी दळत होते. तो काय अभिनय होता?"

अनुदान चालू राहिलं. दळायला येणाऱ्या बायकांना सरकारी खर्चाने नऊवारी मिळाल्या. म्हातारी तिची नेसून घरी गेली ती परत करायला आलीच नाही, आणि मागायला जायची कुणाची हिंमत झाली नाही. बायको हुकमाप्रमाणे तिच्या शेजारी शिकायला बसली. पहिला दिवस फुगून बसली, दुसऱ्या दिवशी दोघी एकाच खुंट्याला हात लावून सुनांबद्दल बोलत होत्या. आम्हाला तर मूलच नव्हतं, पण बायको सुनेच्या तक्रारी अगदी मनापासून करत होती.

लोकांच्या पैशाचं चीज झालं का, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात शेजारच्या खेड्याने भाकरी मात्र आमच्या जात्यांवरच्या पिठाच्या खाल्ल्या. पुढे लाइट सुधारली, गिरणी सुरू झाली, आणि मी पुन्हा रिकाम्या वेशीवर भाला धरून उभा राहू लागलो.