उरलेल्यांचा ख्रिसमस

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफर्टला आमच्या घराखाली फुटपाथवर उभा राहून एका वाळलेल्या झाडावर चिडत होतो. जानेवारीचा दुसरा आठवडा. दिवाणखान्यात दोन-तीन आठवडे मिरवलेलं ख्रिसमसचं झाड सण सरला की इथले लोक उचलून खाली टाकतात आणि पालिकेची गाडी येऊन ते घेऊन जाते. आमच्या झाडाची सुयांसारखी पानं तिसऱ्या मजल्यापासून जिनाभर सांडली होती. खालचे गृहस्थ आता काय काय ऐकवतील याचा विचार करत होतो, तेवढ्यात मोबाइल वाजला. ड्रेस्डेनहून फ्राऊ लेमान. मुकुंदच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजीबाई. त्यांनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. ‘मुकुंद सकाळी ट्रामच्या थांब्यावर पडला,’ त्या म्हणाल्या. ‘हृदय.’ मी मूर्खासारखं विचारलं, ‘मग आता कुठल्या हॉस्पिटलात आहे?’ त्या म्हणाल्या, ‘नाही हो सदा. आता कुठेच नाही.’ छत्तीस वर्षांचा होता. माझा नंबर कुठे मिळाला, असं विचारल्यावर म्हणाल्या, त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लावलाय, एकच नंबर आहे.

आम्ही दोघं सांगलीचे. शाळा एक, इंजिनिअरिंग कॉलेज एक, आणि या शतकाच्या सुरुवातीला पीएचडी करायला ड्रेस्डेनला आलो तेही एकाच विमानानं. फ्राऊ लेमानच्या डोक्यावर दोन खोल्यांत राहायचो. पहिल्याच डिसेंबरात आम्ही जो गाढवपणा केला तो फक्त आपल्याकडची पोरंच करू जाणोत. ख्रिसमस म्हणजे काय, तर पुण्याच्या कॅम्पात पाहिलेली गर्दी, रोषणाई, पिपाण्या, एवढंच आम्हाला ठाऊक. मग जर्मनीत तर काय, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसेल! चोवीस तारखेला संध्याकाळी कडक इस्त्रीचे शर्ट घालून, बाहेर हादडायचंय म्हणून दुपारी मुद्दाम उपाशी राहून निघालो. रस्त्यावर कुत्रं नाही. दुकानं दुपारीच बंद झालेली, जत्रेच्या टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या आणि खिडक्याखिडक्यांत लाकडी कमानींवर मंद दिवे. त्या दिव्यांमागे सगळं शहर आपापल्या माणसांत बसलं होतं. हा दार लावून साजरा करायचा सण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे दोन दिवसही सगळं बंद. घरी तांदूळ, अर्धा कांदा आणि काकूंनी दिलेलं लिंबाचं लोणचं. काकू म्हणजे मुकुंदची आई.

आमचे पाय वाजले तशा फ्राऊ लेमान वर आल्या. लेक लाइपझिगला, ती त्या वर्षी येणार नव्हती. आम्हाला खाली नेऊन त्यांनी श्टोलन कापलं. साखरेत घोळलेला, बेदाणे घातलेला तो ड्रेस्डेनचा केक आम्ही लोणच्याबरोबर खाल्ला, आणि त्यांनीही हट्टानं लोणचं चाखून पाहिलं. अहाहा, काय ठसका लागला त्यांना! मग त्यांनी एक जुनी रेकॉर्ड लावली. पूर्व जर्मनीच्या काळातली, लहान मुलांनी म्हटलेली ख्रिसमसची गाणी. त्या बालवाडीत शिकवायच्या, मुलांना हीच गाणी शिकवायच्या. त्यांत बर्फ होतं, खेळणी होती, खिडकीशी वाट बघणारी मुलं होती, फक्त देव कुठेच नव्हता. ‘आमच्या सरकारनं त्याला रजा दिली होती,’ त्या म्हणाल्या. मुकुंदला तेव्हा जर्मनचं एक अक्षर कळत नव्हतं. मी वळून पाहतो तर हा गडी ढसाढसा रडतोय. मी म्हटलं, ‘अरे, सण आहे की सुतक?’

झालं, त्या दिवसापासून त्याला नाद लागला. दर शनिवारी एल्बे नदीच्या काठी जुना बाजार भरतो. तिथे थंडीत बोटं गारठवत हा खोक्यांमधून रेकॉर्डी उपसायचा. सुखी गाणी नको, त्याला रडकी आणि विक्षिप्तच हवीत. एका गाण्यात ट्रकवाला हायवेवरच्या फोनबूथमधून लेकीशी बोलतोय आणि नाणी संपत येतात. एका गाण्यात बाई सोडून गेलेल्या नवऱ्याचं ताट मांडते आणि मग त्यातलं स्वतःच खाते. एकात तर दुकानातला भाड्याचा सांताक्लॉज दारू पिऊन खरं बोलायला लागतो. ‘सद्या, आनंदी गाणी दुकानदार लावतात,’ तो म्हणायचा, ‘ही कुणीतरी घरी बसून ऐकलेली असतात. बघ, इथे कशी झिजलीय.’ आणि चोवीस तारखेला, ज्यांना दार लावायला स्वतःचं घर नाही अशा सगळ्यांना तो घरी बोलवायचा. जोशी आणि आपली बाकीची पोरं, एक पेरू देशाचा, दोन चिनी मुली, एकदा तर वाट चुकलेला एक पोलिश प्लंबर. त्याला नाव दिलं होतं ‘उरलेल्यांचा ख्रिसमस’. प्रत्येकानं एक रडकं गाणं आणायचं आणि ते वाजताना जो रडेल त्यानं सगळी भांडी घासायची. दरवर्षी भांडी मुकुंदच घासायचा, हे काय सांगायला हवं! दुपारी चारला, म्हणजे सांगलीत साडेआठला, तो काकूंना फोन लावायचा आणि आम्ही सगळे फोनमध्ये एकदम ओरडायचो. ‘काकू, मी सदा! तुमचा मुलगा रडतोय!’ तिकडून त्या हसायच्या.

अशी चार वर्षं. मग मला फ्रँकफर्टला बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, अनघा आली, लेक झाली. मुकुंद तिथेच एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागला. दर नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा फोन यायचा. ‘येतोस ना चोवीसला?’ मी म्हणायचो, ‘बघतो रे.’ बघतो म्हणजे नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यालाही कळायचं. ‘या, या, बघ,’ असं जर्मन होकाराच्या ढंगात म्हणून तो विषय बदलायचा. गाडीनं साडेचार तास, लेक लहान, आमच्या इथल्या मित्रमंडळींचं जेवण... कारणांना काय तोटा? आणि खरं सांगायचं तर मला त्या रडगाण्यांचा कंटाळा आला होता. ‘कोण कोण असतं रे आता?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ‘असतात पाच-सहा जण. नवी पोरं.’ मला बरं वाटलं. शेवटच्या वर्षी तो एवढंच जास्तीचं बोलला, ‘या वर्षी मात्र ये सद्या. एक गंमत ऐकवायचीय.’ मी म्हटलं, ‘बघतो.’ सहावं वर्ष होतं ते.

दहन ड्रेस्डेनलाच झालं. खोली रिकामी करायला मी तिथे चार दिवस राहिलो. भिंतभर रेकॉर्डी आणि ओट्यावर पालथं घातलेलं एक ताट, एक वाटी, एक पेला. फ्राऊ लेमान मदतीला वर आल्या आणि जुने टॉवेल घड्या करता करता म्हणाल्या, ‘तुम्ही नसायचात, तरी तुमचं नाव मला दरवर्षी ऐकू यायचं.’ मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. आमची टोळी पांगली. कुणी नोकरीला गेलं, कुणी परत गेलं, कुणाची लग्नं झाली. नवी पोरं पहिली दोन वर्षं आली, मग त्यांनाही त्यांची घरं मिळाली. पण चोवीसला दुपारी चारच्या ठोक्याला वरून गलका सुरू व्हायचा. पुरुषांचं समूहगान, टाळ्या, पेल्यांची किणकिण, मध्येच कुणाचा तरी खो खो हसण्याचा आवाज. पंधराएक मिनिटं चालायचा, आणि मग एकदम चिडीचूप. लाइपझिगची लेक त्यांना पाच वाजता न्यायला यायची. एका वर्षी त्या निघायच्या आधी ताटलीत बिस्किटं घेऊन वर गेल्या. त्यानं दार उघडलं, एक हात कानाशी फोनला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. आत माणूस नाही. रेकॉर्ड फिरत होती, बंदरावरच्या खानावळीत खलाशी गातायत अशी. आणि हा हसत हसत फोनवर बोलत होता, ‘सदा’, ‘सदा’ असं मध्ये मध्ये म्हणत. फोन ठेवून त्यानं सुई उचलली आणि त्यांना म्हणाला, ‘माझी आई. तिला रात्री झोप लागायला हवी ना.’ त्यांनी त्याला बरोबर लाइपझिगला चल म्हणून सांगून पाहिलं. तो गेला नाही.

कागदपत्रांसाठी तीन आठवडे हेलपाटे घालून मी अस्थी घेऊन सांगलीला गेलो. विमानात ठरवलं होतं की काकूंना सगळं सांगायचं. शब्दही जुळवून ठेवले होते. काकूंनी मला पोहे दिले, पंखा लावला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, ‘सदा, एका गोष्टीचं समाधान आहे रे. सणाला तो कधी एकटा नव्हता. तू इतक्या लांबून यायचास, बायको-पोर सोडून. नाहीतर मी वेडी झाले असते बघ.’ मी पोह्यांत चमचा फिरवत राहिलो. त्या बोलतच होत्या. ‘पुढे पुढे तू काही फोनवर यायचा नाहीस. मुकुंद म्हणायचा, त्याचे हात मसाल्यात आहेत. पण तुझा आवाज मी बरोबर ओळखायचे हो! सगळ्यांच्या मागून एकजण भसाड्या आवाजात भलतीकडेच जायचा. म्हटलं, हा आपला सदा. शाळेच्या गॅदरिंगपासून ऐकतेय.’ मग मान थोडी खाली घालून म्हणाल्या, ‘तेच म्हणून दाखव ना एकदा.’

मी म्हटलं. ती रेकॉर्ड त्या रिकाम्या खोलीत चार दिवस मी पुन्हा पुन्हा लावली होती, चाल पाठ झाली होती. खोटे जर्मन शब्द घालून, टाळ्या वाजवून, बेसूर, मी ते खलाशांचं गाणं सांगलीतल्या त्या खोलीत म्हटलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या हो! आणि मग काकू हसता हसता रडायला लागल्या... निघताना त्यांनी माझा हात धरला. ‘तू लिही त्याच्यावर. रविवारच्या पुरवणीत येऊ दे. त्याचा एकेक सण तू पाहिलायस.’ आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘बघतो, काकू.’

गेले चार रविवार मी हे लिहितोय. पहिल्यांदा लिहिलं त्यात मी दरवर्षी गाडीनं ड्रेस्डेनला जात होतो, मटणाचा रस्सा करत होतो. फार छान झालं होतं. फाडून टाकलं. अनघा म्हणाली, ‘अरे, त्या बाईंचं एवढंच तर समाधान उरलंय, ते कशाला हिरावतोस? तुझं मन हलकं व्हावं म्हणून?’ असेलही तसं. तिचं चुकतंय असं मला ठामपणे म्हणता येत नाही. पण काल त्या रेकॉर्डीचं पाकीट मी पहिल्यांदाच उलटून पाहिलं. मागच्या बाजूला मुकुंदचं बारीक अक्षर, पेन्सिलीनं. एका वर्षी एक सांगितलं, पुढच्या वर्षी दुसरं, असं आईशी बोलताना होऊ नये म्हणून त्यानं सगळं नेमून ठेवलं होतं. ‘सुरुवातीचा खोकला, जोशी. टाळ्या, नवी पोरं. खो खो हसणं, पेरूवाला. मागचा बेसूर, सद्या.’ आणि त्याखाली, ‘याला या वर्षी ऐकवायचं. जाम हसेल.’

काकू, तुम्ही पुरवणी जेवणानंतर, भिंग घेऊन, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचता, तेव्हा इथवर आला असाल. मी सहा वर्षांत एकदाही गेलो नाही. त्यानं दरवर्षी बोलावलं होतं. तुम्हाला जे ऐकू यायचं त्यात माणूस एकच होता, तुमचा मुलगा, आणि एकट्यानं तो सगळा गलका त्यानं तुमच्यासाठी उभा केला होता. तो खोटं बोलला ते तुम्हाला झोप लागावी म्हणून. मी त्या दिवशी गायलो ते मला तुमच्यासमोर बसून पोहे खाता यावेत म्हणून. हा लेख ज्या रविवारी छापून येईल, त्या रविवारी मी सांगलीत असेन. रेकॉर्ड आणि ते पाकीट बरोबर आणतोय, ते तुमचं आहे. चारच्या सुमारास दार वाजवीन. आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.