गोड सलाईन

धाकटी बहीण माहेरी आली ती ओकाऱ्यांनी बेजार होऊनच. पहिलंच गरोदरपण. तिसरा महिना संपत आला तरी पोटात घोटभर चहा टिकत नव्हता. भाकरीचा वास आला की अंगणात पळायची. शेजारची काकू म्हणाली, "नखरे हायेत पोरीचे. आम्ही त ओकत ओकत कापूस येचला."

बहीण म्हणाली, "म्हणूनच काकू, तुमच्या कापसाले भाव नाही भेटला."

सगळे हसले. त्या वर्षांत कापसाला खरंच कोणी विचारत नव्हतं.

आमच्या राळेगावकडे कोणी अशक्त झालं की औषध मागत नाहीत, सलाईन मागतात. बाटली टांगली म्हणजे इलाज झाला. गावचे डॉक्टर म्हणाले, आधी यवतमाळला दाखवा. पण माय म्हणाली, "ते मंग पाहू जी. आधी गोड सलाईन लावून द्या, पोरीत ताकद येऊ द्या." त्यांनी ग्लुकोजची बाटली लावली. मग आणखी एक.

दुपारी ती उठली. चालताना पाय फाकत होते, भिंत धरली तरी तोल जात होता. मी तिला पकडलं. तिची बुबुळं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपोआप थरथरत होती. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "तुम्ही कोणाच्या घरच्या जी?"

सख्खी बहीण मला अहो-जाहो करत होती.

कोणी म्हणालं बाहेरचं लागलं. गावच्या डॉक्टरांनीच जीप आणली आणि आम्ही यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटात अन्न टिकेनासं कधीपासून झालं? नंतर विचारलं, "सलाईन कसलं लावलं?" मी सांगताच त्या नर्सवर ओरडल्या, "बी-वन आणा, आत्ता!"

मी परक्या माणसाशी बोलत नाही. पण इंजेक्शन दिल्यावर माझ्या तोंडून निघालंच, "मॅडम, साखरेनं असं कसं होते?"

त्यांनी मला विचारलं, "जिनिंग पाहिलंय?" मी मान हलवली. जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापूस निवडायला जात असे.

त्या म्हणाल्या, शरीराच्या प्रत्येक पेशीत तसंच एक जिनचं यंत्र असतं. साखर फुटून पायरुव्हेट होतं, तो झाला कापूस. जिन त्यातली सरकी काढावी तसा एक तुकडा काढून टाकतं. उरलेल्या रुईला धरून नेणारं एक वाहन असतं, दोघं मिळून होतं ॲसिटिल कोए. तेच पुढे जळून ताकद देतं. बांधलेल्या रुईच्या गठाणी साचल्या की हे जिन आपणहून थांबतं, ताकद लागली की पुन्हा सुरू होतं.

"मंग हिचं काहून थांबलं? हिच्यात त ताकदच नाही."

"जिनचा पट्टा म्हणजे बी-वन, एक जीवनसत्त्व. ओकून ओकून तो झिजला होता. त्यात तुम्ही साखर ओतली. उरलासुरला पट्टाही तुटला. गाड्या येतच राहिल्या, माल दारात सडला, त्याचं आम्ल झालं. मेंदू तर साखरेवरच चालतो. पहिला फटका त्यालाच."

मला जिनिंगसमोरची बैलगाड्यांची रांग दिसली. आत सगळं बंद, बाहेर माल. तशी माझी बहीण खाटेवर पडली होती. भरलेली आणि उपाशी. गोडाने माणूस मरू शकतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांचं थरथरणं कमी झालं. सकाळी नजर ठरली. ती म्हणाली, "ताई, तुह्ये केस कायले असे इस्कटले?" मी रडले. माय तिचे पाय दाबत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर यंत्र ठेवलं. घोडं पळावं तसे ठोके ऐकू आले. मी बहिणीकडे पाहिलं. ती इकडेतिकडे पाहत होती.

"हे कोणाचं हाय?"

"तुह्यंच, बाई. तुह्यं लेकरू."

तिने दचकून पोटावर हात ठेवला. चेहरा असा फुलला, जणू आत्ताच पहिल्यांदा कळलं. मायने हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बाहेर बोलावलं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, आठवण परतायला महिने लागतील, काही कदाचित परतणारही नाही.

मी आत गेले. बहिणीने पोटावरचा हात उचलून पाहिला आणि विचारलं, "ताई, मी इथं कायले आली?"

मी लेकराचं सांगितलं. ती पुन्हा दचकली. चेहरा पुन्हा तसाच फुलला.

थोड्या वेळाने तिने परत विचारलं.