मालतीच्या देवघरातला मोती

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि हे मालतीच्या कानावर जाता कामा नये! गेलं तर मला जयनगरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तसं तोंड मी सध्या दाखवत नाहीच म्हणा. का, ते कळेलच.

मालती म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोन गल्ल्या सोडून राहते. स्वभावाने गोड आहे हो, पण गेल्या वर्षी तिच्या घरी कुठलेसे स्वामी पायधूळ झाडून गेले आणि सगळं बिघडलं. तेव्हापासून आमच्या गुरुवारच्या भजनी मंडळात मालती म्हणेल तेच भजन, मालती म्हणेल तोच नैवेद्य, आणि आरतीचं तबक कायम मालतीच्या हातात. मी घरातली थोरली सून! आणि बसायची कुठे? दाराशी, चपलांच्या शेजारी!

अशात आमचा वरचा मजला रिकामा झाला. एक दिवस निखिलचा फोन. निखिल माझा मुलगा. सर्जापूर रोडला राहतो, म्हणजे आमच्या बेंगळुरूतच, पण मधल्या ट्रॅफिकमुळे आम्ही त्याला परदेशातच धरतो.

"आई, आमच्या कंपनीचे एक जुने साहेब आहेत. रॉजर नाव. इंग्लंडचे. रिटायर झालेत, एकटेच असतात. तिकडचं घरदार सगळं सोडून आता इथेच राहायला येतायत."

"सगळं सोडून?"

"हो, कायमचे. आणि त्यांना जयनगरातच जागा हवीय, कारण तिथे त्यांचं…"

"पाठव! आजच पाठव!" मी म्हटलं आणि फोन ठेवला. पुढचं ऐकून घ्यायची आमच्या घराण्यात पद्धतच नाही.

आता तुम्हीच सांगा, एक गोरा माणूस उतारवयात घरदार सोडून आपल्याकडे कशाला येईल? मनःशांतीसाठीच ना? आणि जयनगरच का? तर आमच्या कोपऱ्यावरच मठ आहे! माझं गणित तिथल्या तिथे सुटलं.

रविवारी निखिल त्यांना घेऊन आला. उंच, किडकिडीत, अंगात पांढराशुभ्र कुडता, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांत असं काही कारुण्य की मला गलबलून आलं. निखिलची गाडी रस्त्यात आडवी उभी, मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. तो धावतच सामान टाकून निघाला. जाता जाता म्हणाला, "आई, त्यांना बोलायला लावू नकोस हं. आणि खायला काहीतरी पातळ दे."

ऐकलंत? मौन! आणि वर पातळ आहार!

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, त्यांना विचार तरी, इथे कशासाठी आलेत."

"मौनातल्या माणसाला विचारायचं कसं?"

"मग निखिलला विचार."

"निखिलला काय कळतंय त्यातलं!"

पुढे तर एकेक पुरावा समोर येत गेला. पहाटे वरून आवाज यायचा, गळगळगळगळ… मग एक लांबलचक 'आऽऽऽ'. मी यांना हलवून उठवलं, "ऐका, ओंकार!" हे म्हणाले, "टाकीचा नळ असेल," आणि कूस बदलून झोपले. दुपारी नाचणीची आंबील घेऊन वर गेले, तर साधुपुरुष खुर्चीत ताठ बसून झोपलेले, एक हात गालावर! आडवं होणं म्हणून नाही. ती कसली मुद्रा म्हणून मी घरी आरशासमोर करूनही पाहिली.

दोन-तीनदा बिचाऱ्यांनी तोंड उघडून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मी तडक ओठांवर बोट ठेवलं. "नो, नो सर! नो टॉक!" लगेच हात जोडून गप्प. एवढा आज्ञाधारक साधू मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचं व्रत मी मोडू देत नव्हते, म्हणजे थोडं पुण्य माझ्याही खात्यात जमा होणारच की!

ही गोष्ट मी मंडळात फक्त एकीला सांगितली. तीही 'कोणाला सांगू नकोस हं' असं बजावून. झालं! पुढच्या गुरुवारचं भजन आमच्याकडे ठरलं.

त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मालती पहिल्यांदाच माझ्या घरी दाराशी बसली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला अगदी आतून गार वाटलं. भजन रंगात आलं आणि नेमके तेव्हाच महाराज आपणहून जिना उतरून खाली आले. सकाळी रिक्षाने कुठेतरी जाऊन आले होते. आले ते चक्क हसत! इतक्या दिवसांत पहिल्यांदा! आणि हसता हसता एक बोट स्वतःच्या ओठाकडे नेत होते.

"हसले!" कोणीतरी किंचाळलं. "मौन धरा म्हणतायत!" दुसरी म्हणाली. मी त्यांना धरून चौरंगावर बसवलं. ते जरा गोंधळले, पण बसले. बायका वाकून नमस्कार करू लागल्या, तर तेही प्रत्येकीला वाकून नमस्कार करायला लागले. केवढी ती नम्रता!

आणि मग मालती पुढे सरसावली. हातात डबा, डब्यात डिंकाचे लाडू.

मालतीच्या लाडवांबद्दल सांगायला हवं. तिचा पाक नेहमी पुढे जातो. तिच्या घरी लाडू फोडायला बत्ता वापरतात, ही अतिशयोक्ती नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणता येतं का? तेही देणारी समोर हात जोडून उभी असताना?

रॉजर महाराजांनी लाडू पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस बोलू नका, हे खाऊ नका, पातळच घ्या म्हणून मी पहारा दिलेला. जणू परवानगीच मागत होते. मी मान डोलावली. "ईट, ईट. स्वल्प!" स्वल्प म्हणजे थोडंसं, एवढं कानडी त्यांना रिक्षावाल्यांकडून आलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी लाडू चावला.

कट्ट!

सगळं भजन थांबलं. महाराजांनी तोंडाला रुमाल लावला, खोकले, आणि रुमालातून काहीतरी पांढरं, चकचकीत, टपकन ताटात पडलं.

"अय्यो देवा!" मालती ओरडली. "मोती! महाराजांच्या मुखातून मोती पडला!"

"माय टूथ…" महाराज कळवळून म्हणाले.

मी झटकन ओठांवर बोट ठेवलं. "नो टॉक, सर!"

तेवढ्यात मालतीने तो मोती उचलला, डोळ्यांना लावला, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि चपला घालून पसार! माझ्या वरच्या मजल्याचा मोती, आणि निघाला तिच्या देवघरात! माझा नुसता जळफळाट झाला. महाराज रुमाल धरून वर गेले, तिकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

संध्याकाळी निखिल घामाघूम होऊन आला.

"आई, रॉजरकाकांचा दात कुठाय?"

"कसला दात?"

"त्यांनी मला फोन केला. आज सकाळीच बसवलेला दात! तू त्यांना दगड खायला घातलास म्हणे!"

"अरे, ते साधू आहेत ना?"

"कोण साधू?"

"सगळं सोडून आलेत ना ते?"

"घरभाडं परवडत नव्हतं म्हणून सोडून आले! तिकडच्या पेन्शनीत इथे आरामात राहता येतं. आणि तिकडे दातांचा खर्च भारी, म्हणून तेही इथेच करून घेतायत. दवाखाना जयनगरात आहे, म्हणून तर तुमच्याकडे राहिले!"

"आणि पहाटेचा ओंकार?"

"मिठाच्या गुळण्या, आई!"

"बसून झोपतात ते?"

"दात काढलाय ना, म्हणून डोकं उंच ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय!"

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "नळ नव्हता तर." एवढंच. या माणसाला वेळ कधी साधावी ते कळत नाही.

पण खरी गोम पुढेच होती. रॉजरकाकांची मुलगी दुसऱ्या दिवशी इंग्लंडहून यायची होती. बाप या वयात एकटा परक्या देशात जातो, हे तिला मुळीच पसंत नव्हतं. तिकडे कसे आहात ते डोळ्यांनी बघेन, धड दिसला नाहीत तर सोबत घेऊन येईन, असं तिने बजावलं होतं. म्हणून तर काका तो दात मिरवत खाली आले होते. मुलीला दाखवायच्या आधी आम्हाला दाखवायला! डॉक्टर म्हणाले होते, तोच दात आणलात तर सकाळी लगेच चिकटवून देतो, नवीन करायला मात्र काही दिवस जातील.

मी वर गेले. काका खिडकीत बसले होते. मला बघून त्यांनी रुमाल तोंडावर धरला आणि स्वतःच ओठांवर बोट ठेवलं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. माणूस गेला तर भाडेकरू काय, दुसरा मिळेल. पण माझ्या मूर्खपणापायी त्याचं ठरवलेलं म्हातारपण मोडायचं?

उठले आणि मालतीकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. 'मालती, तो मोती नाही, दात आहे.' सोपं वाक्य आहे, नाही? पण तिच्या दारात पोचले आणि जीभ टाळूला चिकटली. हे एकदा बोलले की उरलेला जन्म दाराशी, चपलांच्या शेजारी!

मालतीने मला थेट देवघरात नेलं. चांदीच्या वाटीत, तुळशीच्या पानावर, हळदकुंकवाने माखलेला रॉजरकाकांचा दात! समोर समई. मी हात जोडले. दुसरं करणार काय?

"अक्का, दर्शनाला आलात ना? प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही हं!" आणि माझ्या हातावर काय ठेवलं? लाडू!

"अगं, बेडा," मी कानडीत नको म्हटलं, मराठीत नको म्हटलं, हात मागे घेऊन पाहिला.

"देवासमोर नाही म्हणता?"

आता आली का पंचाईत! मी देवाचं नाव घेतलं आणि चावले.

कट्ट!

माझ्या वरच्या सुळ्यामागच्या दातावर कॅप होती, बरीच जुनी. ती सुटून जिभेवर आली. मालती कॉफी टाकायला स्वयंपाकघरात वळली होती. मी कॅप हातात घेतली. पांढरी, चकचकीत. समोर वाटीत तीही पांढरी, चकचकीत. आणि अहो, मला त्या क्षणी जी बुद्धी सुचली ती आयुष्यात दुसऱ्यांदा सुचायची नाही! काकांचा दात उचलून कमरेला खोचला, माझी कॅप तुळशीवर ठेवली, वर दोन चिमटी हळदकुंकू.

मालती कॉफी घेऊन आली. वाटीकडे बघितलं आणि थबकली. ती वाकली, आणखी वाकली.

"अक्का!" ती कुजबुजली. "मोती… वाढलाय!"

वाढणारच! काकांचा तो पुढचा बारीकसा दात, आणि माझा दाढेसारखा थोराड!

पुढचं सगळं छान झालं. काकांचा दात सकाळी बसला, मुलगी आली, बापाचं हसू बघून निवांत परत गेली. काका आता वर कायमचे राहतात, आणि बोलायला लागलेत ते थांबतच नाहीत. रोज मला सांगतात, तुमच्याकडे सगळं किती स्वस्त, दात तर काय, फुकटच! मीही त्यांच्याच डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "बाई, नवीन कॅप कशाला? जुनी आणा, दोन मिनिटांत चिकटवतो." नव्या कॅपचा खर्च ऐकून हे म्हणाले, "आपणही बघूया का एखादा स्वस्त देश?"

जुनी कुठून आणू? वाढणाऱ्या मोत्याचा बोलबाला जयनगरभर झालाय. गेल्या गुरुवारी मालतीकडे ही गर्दी! आणि सगळ्यांसमोर मालतीने माझा हात धरून मला दारातून पुढे नेलं. "अक्का, हे सगळं तुमच्या वरच्या मजल्याचं देणं. आज आरतीचा मान तुमचा!"

ज्या तबकासाठी इतका जीव जाळला, ते शेवटी माझ्या हातात आलं. घंटा वाजली, सगळ्या टाळ्या वाजवत आरती म्हणू लागल्या, आणि मी भक्तिभावाने माझ्याच दाताला ओवाळू लागले. आरती म्हणायची सोय नव्हती. तोंड उघडलं की खिंड दिसते. ओठ घट्ट मिटून उभी होते.

मागून मालती कौतुकाने सगळ्यांना सांगत होती, "बघा, आता अक्कांनीही मौन धरलंय!"