ओळीत मांडलेली बोरं

कल्पिताला कुत्री चावली तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगने कुत्रीची बाजू घेतली. खरं सांगायचं तर चूक कल्पिताचीच होती. जिन्याखाली एक कुत्री व्यायली होती. डोळे नुकते उघडलेली पिल्लं सरपटत सरपटत थेट रिक्षांच्या वाटेत यायची. कल्पिता कामावरून आली, एकेक पिल्लू उचललं आणि भिंतीलगत ओळीने मांडलं. मोठं आधी, मग त्याहून लहान. एक हललं की ही पुन्हा ओळ सरळ करायला बसायची. शेवटी त्या आईचा धीर सुटला आणि तिने हिची पोटरी धरली.

रक्त वाहत होतं आणि ही मला सांगत होती, "तिला राग येणारच होता, कांतामावशी. पण ओळ नीट लागलेली."

मी तिला नळाखाली उभी केली, साबणाने पोटरी खसाखसा धुतली आणि रिक्षात घालून पालिकेच्या दवाखान्यात नेलं. जखमेत सुया, दोन्ही दंडांवर सुया. सगळ्या होईपर्यंत ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. एक आवाज नाही. नर्सबाई म्हणाल्या, "शहाणी आहे हो तुमची मुलगी." मी म्हटलं, माझी नाही, शेजारची. तिसऱ्या दिवशी दुसरी सुई, मग पुढच्या, एकही चुकवायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

कल्पिता तिशीची आहे. ठाण्याच्या कोपरीत माझ्या भिंतीला भिंत लागून, आईने मागे ठेवलेल्या एका खोलीत एकटी राहते. वडील ती शाळेत असतानाच गेले, आई शेवंती दोन वर्षांपूर्वी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बारीक स्प्रिंगा निवडून डब्यांत भरायचं काम करते. माणसांत फार मिसळत नाही. मिसळायचं नसतं असं नाही, पण ती बोलायला लागेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. मी टेलिफोन खात्यात नोकरी केलेली बाई, माझा आवाज तळमजल्यापर्यंत जातो. ती मला दारातच सांगते, "हळू बोला." आणि मी हळू बोलते. आमच्या घरात कोणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

ऑटिझम हा शब्द आमच्या जिन्यात फार उशिरा आला. त्याआधी शेवंतीची गोष्ट होती. हळदीकुंकू असो, रेशनची रांग असो, कोणी नुसतं कल्पिताकडे जरा जास्त वेळ बघितलं की शेवंती सुरू व्हायची. "माझी पोर मैनेसारखी बोलायची हो. दीड वर्षाची सुई दिली, रात्रभर ताप आला, आणि त्या दिवसापासून गप्प झाली. मीच नेलेलं तिला सुईला, ह्या हातांनी." मग ती डोळ्यांना पदर लावायची. कल्पिता शेजारीच उभी असायची, पिशवीच्या नाडीला गाठी मारत. तिला काय कळतंय, असं सगळ्यांनी आपलं ठरवूनच टाकलेलं.

मला या गोष्टीचा तेव्हाही राग यायचा आणि अजून येतो. पुढे ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी शेवंतीला समोर बसवून सांगितलं, की सुईने मूल असं होत नाही, ते जन्मतःच तसं असतं. ज्या वयात ती सुई देतात त्याच वयात मुलाचं वेगळेपण आईबापांच्या लक्षात यायला लागतं, म्हणून लोकांची गल्लत होते. शेवंतीने मान डोलावली आणि घरी येऊन तीच गोष्ट पुन्हा सांगितली. मी तोंडावर म्हटलं, "अगं, मैना कुठली? मी होते ना इथे." त्यावर तिने माझ्याशी पुढच्या दिवाळीपर्यंत अबोला धरला. पण पोरीसाठी तिने हाडाची काडं केली, हेही खरं. तिला मी वाईट म्हणणार नाही.

तर, कुत्री चावल्यानंतर तीन दिवस कल्पिता दिसली नाही. मला वाटलं, कामावर जातेय. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या कारखान्याच्या सुपरवायझरचा, मितेशचा फोन आला. अडीअडचणीला म्हणून तिने माझा नंबर दिलेला. "मावशी, ती बाही कापलेला ड्रेस घालून आलेली. मी म्हटलं, नीट कपडे घालून ये, तर गेली ती परत आलीच नाही. दोन दिवस झाले."

मी दार वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं. खिडकीला चादर लावलेली, दिवे बंद. कल्पिताच्या ड्रेसच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कात्रीने कापलेल्या. दंड लाल, सुजलेले. कपाळाला हात लावायला गेले तर मागे सरकली, पण तिच्या अंगाची झळ मला तशीच लागली.

"अगं, ताप आहे तुला!"

"हळू," ती म्हणाली. "ताप आहे? मला वाटलं ट्यूबलाइट बिघडली. फार ओरडत होती. म्हणून बंद केली."

हे तिचं असंच आहे. तापाला ताप म्हणून ओळखता येत नाही. कापडाची शिवण दंडाला लागली तरी तिला चटका बसल्यासारखं होतं. सुईनंतर अंग दुखणं, ताप येणं, हात सुजणं सगळ्यांनाच होतं, मलाही झालेलं. पण आपण गोळी घेतो, दोन माणसांना सांगतो, आणि झोपतो. ही चादर लावून अंधारात बसली होती, एकटी.

"मला हाक का नाही मारलीस?"

तिने खिडकीवरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "नर्सबाईंना मी विचारलेलं, दुखेल का. त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच दुखतं, त्यात काय. मितेश पण म्हणाला, त्यात काय. तुम्ही पण म्हणाला असता."

म्हणाले असते, नक्की म्हणाले असते.

पेज केली, तापाची गोळी दिली, माझ्या सुनेचा, प्रीतीचा, बिनबाह्यांचा गाऊन आणून दिला. मग विचारलं, "दुसरी सुई घेऊन आलीस ना?"

"नाही. आता घेणार नाही."

"कल्पिता, कुत्रं चावल्यावर सुया अर्धवट सोडत नाहीत. माणूस मरतं."

"माहीत आहे. मी वाचलंय." आवाजात चढ नाही, उतार नाही. "लहानपणीच्या सुईने मी बिघडले. आई सांगायची. रात्रभर ताप आला आणि बोलणं गेलं. आता पण ताप आलाय. मावशी, माझ्याकडे थोडंच उरलंय. काम येतं, स्वयंपाक येतो, एकटीने बस पकडता येते. यातलं काही गेलं तर मला बघायला आई नाही. त्यापेक्षा आहे तशी मरेन."

मला रडू येत होतं आणि शेवंतीचा असा राग येत होता, की ती समोर असती तर भांडले असते. पोरीला काही कळत नाही म्हणून तिच्या डोक्यावरून तीस वर्षं बोललो आम्ही सगळे, आणि पोरीने शब्दन् शब्द जपून ठेवला होता.

"ऐक," मी म्हटलं. "तुझं बोरन्हाण झालं तेव्हा मी होते. सुपातली बोरं तुझ्या डोक्यावर मीच ओतली."

"कधी?"

"संक्रांतीनंतर. दीड वर्षाची सुई द्यायच्या आधी."

"नक्की आधी?"

"नक्की. सुई होळीनंतरची. ताप आला तेव्हा मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवायला मीच होते. बोरन्हाण त्याच्या आधीचं. तुला काळं झबलं घातलेलं, हलव्याचे दागिने. ते दागिने तू आधीच तोडून टाकलेस, टोचतात म्हणून. बोरं, चुरमुरे, हलवा ओतला तशी बिल्डिंगमधली पोरं ओरडत तुटून पडली. तू कानांवर हात ठेवलेस आणि पलंगाखाली गेलीस. कोणाला हात लावू देईनास. सगळी पोरं गेल्यावर बाहेर आलीस आणि पलंगाखाली घरंगळलेली बोरं गोळा केलीस. आणि भिंतीलगत मांडलीस. ओळीने."

ती माझ्या तोंडाकडे कधी बघत नाही. तेव्हा बघितलं.

"मोठं आधी?"

"ते नाही आठवत गं. पण ओळ सरळ होती. आणि बोलत तू तेव्हाही नव्हतीस. एक 'बाबा' म्हणायचीस, बस."

तिने कापलेल्या बाह्या जमिनीवरून उचलल्या, घडी केल्या, पुन्हा उलगडल्या. मी वाट बघत बसले. तिच्याशी बोलताना तेवढं शिकावं लागतं.

"म्हणजे आई ज्या मुलीसाठी रडायची," ती म्हणाली, "ती मुलगी नव्हतीच."

"नव्हती."

"मी समोर होते. आणि आई माझीच वाट बघत होती."



ती उठली, चपला घातल्या. सुनेच्या गाऊनवर तशीच निघाली, मीही काही म्हटलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय पण चालेल, आज घ्या, पुढच्या वेळेस मात्र चुकवू नका. कल्पिताने त्यांना स्वतः सांगितलं, "मला ताप आला की कळत नाही. आवाज मोठे होतात. कापड लागतं. हे लिहून ठेवा." त्यांनी पेन काढून लिहिलं. नर्सबाईंनी त्यांच्या आतल्या खोलीत बसू दिलं, तिथला पंखाही बंद केला.

सुई झाल्यावर आम्ही दोघी तिथे बसून राहिलो. तिने विचारलं, "ओळ बघून आई काय म्हणाली?"

मला ते लख्ख आठवत होतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं, कारण पुढे तीच शेवंती आयुष्यभर रडत राहिली.

"हसली. सगळ्यांना हात धरून दाखवायला आणलं. म्हणाली, बघा, माझी कल्पी किती नीटनेटकी आहे."

"रडली नाही?"

"नाही गं. तेव्हा तिला सुईचं काही माहीतच नव्हतं."

कल्पिताने सुजलेला दंड दुसऱ्या हाताने धरला आणि डोळे मिटले. दारात दुसरा पेशंट येऊन उभा राहिला, पण आम्हाला कोणी उठवलं नाही.

"परत सांगा," ती म्हणाली. "बोरांपासून. हळू."

मी परत सांगितलं.