मंगळवारची फ्लॉपी

मन्मथ गेला हे मला त्याच्याच दुकानाच्या फोनवरून कळलं. मोबाइलवर नंबर दिसला तसा मी अंबाजोगाईच्या भर चौकात, कड्याच्या साखर कारखान्याचा भोंगा लाजेल अशा आवाजात ओरडलो, "काय बे शेठ, आली का आठवण?" पलीकडे त्याचे थोरले चुलते होते. "मन्मथ न्हाई राहिला," ते म्हणाले. "सकाळी शटर उघडताना छातीत कळ आली. केजच्या दवाखान्यापर्यंत बी नेता आलं न्हाई." मला गप्प करणं आजवर घरच्यांना, प्राचार्यांना आणि दोन-तीन सरकारांना जमलेलं नाही. त्या दिवशी उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे… रसवाल्याने बर्फ वितळला म्हणून ग्लास बदलून दिला.

आम्ही दोघं कॉलेजात एका बाकावर होतो. पुढे मी तिथेच संगणक शिकवायला राहिलो आणि तो युसूफ वडगावला वडिलांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात बसला. खिळे, दोर, पत्रे, कुलपं. पण संगणकाचं वेड त्याला माझ्यापेक्षा जास्त. सुट्या भागांतून जोडलेला एक संगणक त्याने दुकानामागच्या खोलीत आणून ठेवला. तो सुरू केला की निम्म्या गावाचे दिवे मंद व्हायचे, असं मी सांगत फिरायचो. त्याच सुमारास, म्हणजे गावोगावी एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागून जुन्याही झाल्या तेव्हा, आम्ही काही जणांनी एक उद्योग आरंभला. जे सॉफ्टवेअर कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, त्याच्या पडद्यावरचे सगळे शब्द मराठीत आणायचे. पगार नाही, साहेब नाही. कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, एक जण तर जर्मनीत. सगळे मिळून साठ होतो. मी बाहेर सहाशे सांगायचो. कामकाज चालायचं ते मेलिंग लिस्टवर: एकाने ईमेलने पत्र टाकलं की ते साठही जणांच्या पेटीत पडायचं.

युसूफ वडगावात फोन होता, पण त्यावर इंटरनेट लागणं म्हणजे आड्याला टांगलेल्या शिंक्यावर म्हैस चढवण्यासारखं. मन्मथने तोड काढली. दर मंगळवारी तो दुकानाचा माल आणायला केजला जायचा. तिथल्या कॅफेत बसून आठवड्याची सगळी पत्रं एका फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा. एसटीच्या हिसक्यांनी ती बिघडू नये म्हणून रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवायची. घरी निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची आणि पुढच्या मंगळवारी तीच फ्लॉपी घेऊन पुन्हा केज. मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला साठ पेट्यांमध्ये त्याची पंधरा-वीस पत्रं धडाधड पडायची. पत्रं तरी कशी… एका विद्वानाने 'डिलीट'साठी 'विलोपन' हा शब्द सुचवला होता. मन्मथने तो दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारला. दोर घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "विलोपन? कुण्या गावचं पावनं म्हणायचं हे?" मन्मथने लिस्टवर एवढंच लिहिलं: "हा शब्द दुकानात चालला नाही. 'पुसा' चालला." पुसा ठरलं. ते विद्वान आठवडाभर रुसले, मग त्यांनीच नियम सुचवला: मंगळवार उलटल्याशिवाय कुठलाही शब्द पक्का करायचा नाही. कुणी लिहून ठेवला नाही, पण चार वर्षं सगळ्यांनी पाळला.

तो नियम मोडला मी. दोन वर्षांमागे माझ्या डोक्यात फोरमचं खूळ शिरलं. पत्रं पेटीत येण्याऐवजी एकाच जागी, संकेतस्थळावर, विषयवार मांडलेली. मतदान, चित्रं, प्रत्येकाच्या नावापुढे पदवी. लिस्टवर मी जी भाषणं ठोकली, तेवढ्यात एखादी जिल्हा परिषद निवडून आली असती. सगळे हो म्हणाले. मन्मथ मला भेटायला मुद्दाम अंबाजोगाईला आला.

"सगळं झ्याक हाय," तो म्हणाला, "पण ह्यो फोरम फ्लॉपीत मावतो का?"

मी हसलो. "अरे, तुझ्यासाठी सोय करतो. फोरमवरचं सगळं तुला पत्रानं येईल, तुझी उत्तरं परस्पर तिथं लागतील. आठ दिवस दे."

"आठ म्हणजे तुझे का कॅलेंडरातले?"

"कॅलेंडरातले बे."

फोरम दणक्यात सुरू झाला. जुनी पत्रं तिकडे नेणं किचकट होतं म्हणून मी ती नेलीच नाहीत. त्यामुळे ज्याच्या शब्दासाठी चार वर्षं सगळे थांबले, त्याच्या नावापुढे पहिल्या दिवशी लिहून आलं: 'नवा सदस्य, संदेश शून्य.' शिवाय मोठ्या फोरमवर असतं म्हणून चार दिवस झाले की विषयाला आपोआप कुलूप लागेल, पुढे त्यात उत्तर लिहिता येणार नाही, अशी व्यवस्था मी करून ठेवली. ज्याच्या दुकानात कुलपं टांगलेली असायची, त्याला मी बाहेर ठेवून कुलूप लावलं. मन्मथ मंगळवारी केजला जायचा, एकेक पान उतरवायचा, चित्रांनी फ्लॉपी भरून जायची. उत्तरं लिहून पुढच्या मंगळवारी न्यावीत तर विषय बंद. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण रोज नवे सदस्य येत होते, माझी पाठ थोपटली जात होती, आणि सोय तर मी करणारच होतो… पुढच्या आठ दिवसांत.

सहा महिन्यांनी सिरसाळ्याला एका लग्नात भेटला. जिलबी मोडत मी विचारलं, "दिसत न्हाईस फोरमवर, कावून?" तो म्हणाला, "दुकान लई वाढलंय बे. टाइम न्हाई." जन्मभर मी त्याला थापा मारल्या आणि त्याने एकूणएक पकडल्या. त्याने मला ही एकच मारली, आणि ती खरी मानणं माझ्या सोयीचं होतं.

तेराव्यानंतर मी ते काम करायला बसलो आणि करून टाकलं. फोरमवरचं सगळं पत्रानं जाऊ लागलं, पत्रानं आलेलं तिथं लागू लागलं. कुलपाची व्यवस्थाही काढली. मग गेल्या आठवड्यात युसूफ वडगावला गेलो. दुकानात आता वहिनी बसतात. एका माणसाला बिजागऱ्या देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमचं ते शब्दांचं काम चालू हाय ना?"

"हाय, वहिनी."

"मला इचारायचं होतं. हे म्हनायचे, माझ्या उत्तराला आठवडा लागतो, पोरांचं काम अडतंय. म्हनून केजच्या त्या कॅफेत जानं सोडलं त्यांनी. तुमी लोकांनी तसं सांगितलं होतं का त्यांना?"

"न्हाई," मी म्हणालो. "कुणाचं काही अडत नव्हतं. त्याला पहिल्यासारखी पत्रं मिळावीत अशी सोय मी करणार होतो. राहून गेली. आता केली."

"लई मोठं काम असंल."

समोर दोराची भेंडोळी टांगलेली होती, त्यांच्याकडे मी बघत राहिलो. असलं काही सांगायचं म्हटलं की माझ्या जिभेवर सरस्वती नाचते. महिनाभराचं काम होतं, परदेशातून माणूस बोलवावा लागला, यंत्रच मिळत नव्हतं… काहीही सांगितलं असतं तरी त्या माउलीने खरं मानलं असतं, आणि मी जरा हलका होऊन एसटीत बसलो असतो.

"चाळीस मिनिटांचं, वहिनी," मी म्हणालो.

त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. त्यांनी संगणकावरचं कापड काढलं, खिडकीत नेऊन झटकलं, आणि चारही कोपरे ओढून पुन्हा नीट घातलं.