खडे हातपंपाचे नव्हते

"काका, खडे पाण्यानं झालेले नाहीत," लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात कॅल्शियम जास्त आहे. बहुधा फार वर्षांपासून."

कारण सापडलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. मला शेवंतावहिनीचा हातपंप आठवला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि पावसानं पाठ फिरवली होती. मुरुडजवळच्या आमच्या गावात चुलतभावाच्या दारातला हातपंप तेवढा चालू होता. त्याची बायको शेवंता कुणालाही पाणी भरू द्यायची. त्याच उन्हाळ्यात मला पहिला मुतखडा झाला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, पाणी जड असेल. त्यातलं 'असेल' मी गाळलं आणि स्टँडवरच्या हॉटेलात सांगितलं, वहिनीच्या पंपानं खडे होतात. बाया ओढ्यापलीकडच्या विहिरीला जाऊ लागल्या. वहिनीच्या दारात कुणी येईना.

नांदेडला मानेचा स्कॅन झाला. पॅराथायरॉइड म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या चार बारक्या ग्रंथी. माझ्या त्यातल्या एकाहून जास्त ग्रंथी सुजलेल्या होत्या, म्हणजे दोष जन्माचा असू शकतो, म्हणून रक्त जनुक तपासणीला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन थांबलं.

दोष मेनिन नावाच्या प्रथिनाचा निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. पेशीत डीएनएचा धागा प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्याला क्रोमॅटिन म्हणतात. कोणतं जनुक चालू राहावं, हे ठरवायला मेनिन तिथं मदत करतं. या ग्रंथींत ते वाढीला लगाम घालतं. रक्ताच्या काही कर्करोगांत मात्र तेच रोगाला हात देतं. मेनिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. माझी एक जन्मतःच बिघडलेली. ज्या पेशींत दुसरीही गेली, त्या वाढत सुटल्या.

ऑपरेशननंतर बोटांना मुंग्या यायच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनी थांबल्या. मुलाची तपासणी केली. त्यालाही हाच दोष आहे, पण खडे व्हायच्या आधी कळलं. त्याबद्दल मी बाईंचा ऋणी आहे. ज्यांना पुन्हा पुन्हा खडे होतात, त्यांनी रक्तातलं कॅल्शियम एकदा बघून घ्यावं.

मग वहिनीकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी जलमभर तेच पाणी पिले, भावजी. मला कुठं खडा झाला? हे कुणी इचारलंच न्हाई." मग म्हणाली, "माझ्या दारात कशाला सांगायलात? जिथं बोललात तिथं जाऊन सांगा."

त्याच हॉटेलात गेलो. तेव्हाच्या मंडळींपैकी दोघंच उरले होते. मी सांगितलं. एकजण हसला, म्हणाला, आता घरोघरी नळ आलाय, आता काय उपयोग. दुसऱ्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजे माझी बायको गरवार असताना ओढ्यापलीकडच्या त्या विहिरीला फुकटच जात व्हती म्हणा की."

मी हो म्हणालो.